सार्वभौमत्व कोणाचे? मेक्सिकोतील दडपशाही आणि सीमापार एकजुटीवरील आक्षेपांचा प्रतिवाद

मेक्सिकोतील आदिवासी गावे, शेतकरी संघटना, ग्रामीण शिक्षक आणि बेपत्ता झालेल्यांची कुटुंबे यांच्यावर तेथील राज्यसंस्थेने केलेल्या अत्याचारांविरुद्ध अन्य देशांतील नागरिकांनी आवाज उठवला, निरीक्षक पाठवले किंवा खटल्यांना साह्य केले, की एक ठरावीक आक्षेप पुढे येतो. मेक्सिको हे सार्वभौम राष्ट्र आहे, तेथील तंटे तेथील जनतेने आणि न्यायालयांनी सोडवायचे आहेत, आणि बाहेरच्यांनी त्यात पडणे हा कितीही सद्हेतूने केलेला असला तरी हस्तक्षेपच होय, असे आक्षेपक म्हणतात. हा आक्षेप केवळ सरकारी प्रवक्ते घेत नाहीत. वसाहतवादाचे चटके सोसलेल्या देशांतील अनेक प्रामाणिक विचारवंतही तो घेतात, आणि म्हणूनच त्याला उत्तर देणे आवश्यक ठरते. ते उत्तर थोडक्यात असे आहे, की मेक्सिकोतील दडपशाही कधीच निव्वळ मेक्सिकोची अंतर्गत बाब नव्हती. तिची शस्त्रे, तिचा पैसा आणि तिची पाळत ठेवणारी साधने सीमा ओलांडूनच येत राहिली आहेत, आणि तिच्याविरुद्धची एकजूट तेवढी सीमेवर अडवायची असेल, तर तो सार्वभौमत्वाचा बचाव नसून दडपणाऱ्याला दिलेले अभयदान आहे.

पूर्वपक्ष त्याच्या सर्वांत भक्कम रूपात मांडला पाहिजे. 1848 साली संपलेल्या युद्धानंतर मेक्सिकोला आपला जवळपास निम्मा भूभाग अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांना द्यावा लागला; 1914 साली अमेरिकी नौदलाने व्हेराक्रूझ बंदर ताब्यात घेऊन कित्येक महिने आपल्याकडे ठेवले; परकीय तेलकंपन्यांनी देशाच्या राजकारणात उघड ढवळाढवळ केली. अशा इतिहासातून गेलेल्या देशाने 1917 च्या राज्यघटनेच्या 33 व्या कलमात परदेशी व्यक्तींना देशाच्या राजकीय व्यवहारात कोणत्याही प्रकारे भाग घेण्यास मनाई केली, आणि परराष्ट्रमंत्री खेनारो एस्त्रादा यांनी 1930 साली ‘एस्त्रादा सिद्धान्त’ मांडला, यात नवल नाही. अन्य देशांतील सरकारे वैध आहेत की अवैध याचा निवाडा मेक्सिको करणार नाही, कारण असा निवाडा करणे हेच त्या देशाच्या सार्वभौमत्वाचा अपमान करणे आहे, असे हा सिद्धान्त सांगतो. या दोन्ही तरतुदींमागची भीती खरी होती आणि तिला ऐतिहासिक आधार होता. प्रश्न एवढाच आहे, की बलाढ्य शेजाऱ्याच्या तोफांविरुद्ध घडवलेली ही ढाल आपल्याच देशातील निःशस्त्र गावकऱ्यांच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या साक्षीदारांविरुद्ध वापरणे समर्थनीय आहे काय.

खुद्द मेक्सिकोच्या राज्यसंस्थेने या प्रश्नाचे उत्तर आपल्या वर्तनातून अनेकदा नकारार्थी दिले आहे. राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांच्या कारकिर्दीत मेक्सिकोने राष्ट्रसंघात इथिओपियावरील इटलीच्या आक्रमणाचा निषेध केला, 1938 साली नाझी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर निषेध नोंदवला, आणि स्पेनचे प्रजासत्ताक कोसळल्यावर सुमारे 20 हजार स्पॅनिश निर्वासितांना आश्रय दिला. फ्रँकोच्या राजवटीला मेक्सिकोने अखेरपर्यंत मान्यता दिली नाही आणि स्पेनशी राजनैतिक संबंध 1977 मध्येच पूर्ववत केले. पिनोशेच्या लष्करी उठावानंतर चिलीतील विरोधकांना मेक्सिकोने आपल्या वकिलातीत थारा दिला, आणि 1974 साली त्या राजवटीशी संबंध तोडले. 1981 साली तर फ्रान्ससह काढलेल्या संयुक्त निवेदनात मेक्सिकोने एल साल्वादोरमधील सशस्त्र विरोधी आघाडीला प्रातिनिधिक राजकीय शक्ती म्हणून मान्यता दिली. ही परंपरा मेक्सिकोच्या नागरिकांना अभिमानास्पद वाटते आणि ती तशी आहेही. परंतु मग दुसऱ्या देशातील पीडितांच्या बाजूने मेक्सिकोचे सरकार उभे राहिले तर ती तत्त्वनिष्ठा, आणि मेक्सिकोतील पीडितांच्या बाजूने दुसऱ्या देशांतील सामान्य नागरिक उभे राहिले तर तो हस्तक्षेप, ही वाटणी कोणत्या न्यायाने करायची? सरकारने केलेली एकजूट वैध आणि जनतेने केलेली अवैध, असे मानल्याखेरीज ही वाटणी टिकत नाही.

या परंपरेचा एक धागा थेट महाराष्ट्राशी जुळतो. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे हे गदर चळवळीतील क्रांतिकारक. ब्रिटिश सत्तेने मायदेशाची वाट बंद केल्यावर ते मेक्सिकोत स्थिरावले, 1924 पासून चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात शिकवू लागले, मक्याच्या सुधारित वाणांवर त्यांनी संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा उभ्या केल्या. चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी शिक्षण मंत्रालयातील भित्तिचित्रात त्यांना स्थान दिले. मेक्सिकोतील भूमिहीनांच्या बाजूने उभा राहिलेला हा मराठी माणूस आज भारत-मेक्सिको मैत्रीचे प्रतीक मानला जातो, आणि 2022 साली चापिंगो येथे त्यांच्या पुतळ्याचे अनावरण भारताच्या लोकसभाध्यक्षांच्या हस्ते झाले. चापिंगो हे ठिकाण तेक्सकोको नगरक्षेत्रात येते, आणि मे 2006 मध्ये ज्या संघर्षावरून आतेन्कोच्या शेतकऱ्यांवर पोलिसी कहर कोसळला, तो संघर्ष याच तेक्सकोकोत सुरू झाला. भूतकाळातील परदेशी सहकाऱ्याला पुतळ्याचा मान द्यायचा आणि वर्तमानातील परदेशी सहकाऱ्याला हद्दपार करायचे, ही भूमिका ज्यांना सुसंगत वाटते त्यांनी तिचे तत्त्व स्पष्ट करून सांगितले पाहिजे.

सार्वभौमत्वाच्या आक्षेपाचे दुसरे उत्तर मेक्सिकोच्या राज्यघटनेतच आहे. तिचे 39 वे कलम सांगते, की राष्ट्राचे सार्वभौमत्व मूलतः जनतेच्या ठायी वसते आणि सर्व सार्वजनिक सत्ता जनतेपासून उगम पावून जनतेच्या हितासाठी स्थापन होते. चियापास राज्यातील सापातिस्ता या आदिवासी बंडखोरांनी 1994 च्या आपल्या पहिल्याच जाहीरनाम्यात आधार घेतला तो याच कलमाचा. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा आदिवासींच्या हक्कांविषयीचा 169 क्रमांकाचा करार मेक्सिकोने 1990 साली स्वीकारला, आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाचे अधिकारक्षेत्र 1998 साली मान्य केले, आणि जून 2011 च्या घटनादुरुस्तीने मानवी हक्कविषयक आंतरराष्ट्रीय करारांना घटनात्मक दर्जा दिला. त्याच दुरुस्तीने 33 व्या कलमाचे दातही काहीसे बोथट केले; त्याआधी राष्ट्राध्यक्ष कोणत्याही परदेशी व्यक्तीला चौकशीविना देशाबाहेर घालवू शकत असे, त्यानंतर मात्र त्या व्यक्तीचे म्हणणे ऐकून घेणे बंधनकारक झाले. ज्या राष्ट्राने आपल्या नागरिकांच्या हक्कांना आंतरराष्ट्रीय कसोटी स्वतःहून लावून घेतली आहे, त्या राष्ट्रात ती कसोटी पाळली जाते की नाही हे पाहणारे डोळे परके ठरत नाहीत. शिवाय हे डोळे आगंतुक नसतात. आतेन्को असो, आकतेआल असो वा आयोत्सिनापा (या तिन्ही प्रकरणांचा तपशील पुढे येतो), बाहेरच्या साक्षीदारांना हाक घातली ती मेक्सिकोच्याच नागरिकांनी, आणि ती हाक घालण्याचा त्यांचा हक्क नाकारणे म्हणजे सार्वभौमत्व जनतेकडून काढून मंत्रालयाच्या स्वाधीन करणे होय.

आता मुख्य मुद्द्याकडे वळता येते. आक्षेपकांच्या युक्तिवादात एक गृहीतक दडलेले आहे, की मेक्सिकोतील दडपशाही ही देशी वस्तू आहे आणि तिच्यावरील टीका तेवढी विदेशी. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. 1 जानेवारी 1994 रोजी उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करार अमलात आला आणि त्याच दिवशी चियापासमध्ये सापातिस्तांचा उठाव झाला, हा योगायोग नव्हता. त्या कराराची पूर्वतयारी म्हणून 1992 साली राज्यघटनेचे 27 वे कलम बदलून ‘एखिदो’ जमिनी, म्हणजे क्रांतीनंतर गावांना सामूहिक वहिवाटीसाठी मिळालेल्या जमिनी, विक्रीस मोकळ्या केल्या गेल्या होत्या. जानेवारी 1995 मध्ये अमेरिकेतील चेस मॅनहॅटन बँकेसाठी तयार झालेल्या एका टिपणात गुंतवणूकदारांचा विश्वास टिकवण्यासाठी मेक्सिकोच्या सरकारला सापातिस्तांचे उच्चाटन करावे लागेल, अशा अर्थाचे मत मांडले होते. ते उघड झाल्यावर बँकेने हात झटकले, परंतु परकीय भांडवलाच्या वर्तुळात असा विचार लिहिला जात होता एवढे तरी त्यातून सिद्ध होते. मेरिदा उपक्रमाच्या नावाने 2008 पासून अमेरिकेने मेक्सिकोच्या सुरक्षादलांना अब्जावधी डॉलरचे साह्य आणि प्रशिक्षण पुरवले. हेकलर उंड कोख या जर्मन कंपनीच्या हजारो जी-36 रायफली, ज्या राज्यांत पाठवण्यास जर्मन परवान्याने मनाई होती त्यांपैकी गेरेरोसारख्या राज्यांतील पोलिसांच्या हाती पोहोचल्या; आणि ज्या इग्वाला शहरात 2014 साली 43 विद्यार्थी नाहीसे झाले, तेथील पोलिसांकडेही त्या सापडल्या. इस्रायली कंपनीने बनवलेली पेगासस ही हेरप्रणाली, म्हणजे मोबाइल संचात शिरून संभाषण आणि संदेश चोरणारी यंत्रणा, मेक्सिकोच्या सरकारी संस्थांनी विकत घेतली, आणि तिचे लक्ष्य पत्रकार, वकील व मानवी हक्क कार्यकर्तेही झाले. बँकेचा सल्ला, रायफल आणि हेरप्रणाली यांना 33 वे कलम कधीच लागू झाले नाही. ते लागू झाले तीन दशकांहून अधिक काळ चियापासमधील चेनाल्हो येथे सेवा केलेल्या फ्रेंच धर्मगुरू मिशेल शांतो यांना, ज्यांनी 1997 च्या आकतेआलच्या हत्याकांडात सरकारची जबाबदारी बोलून दाखवली आणि ज्यांना फेब्रुवारी 1998 मध्ये देशाबाहेर काढण्यात आले. ते लागू झाले त्याच वर्षी चियापासमध्ये आलेल्या इटालियन निरीक्षकांना. सीमा कोणासाठी उघडी आणि कोणासाठी बंद, हे पाहिले म्हणजे हस्तक्षेपाविषयीची चिंता कितपत तत्त्वाची आहे हे कळते.

हे सत्य मेक्सिकोच्या सरकारलाही ठाऊक आहे. अमेरिकेतून येणाऱ्या बंदुकांनी देशात रक्तपात होतो, म्हणून त्याने 2021 साली अमेरिकी शस्त्रनिर्मात्यांविरुद्ध बॉस्टनच्या संघीय न्यायालयात दावा लावला. जून 2025 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने फेटाळला, तरी दाव्यामागचे तत्त्व अबाधित राहते: हिंसा सीमा ओलांडून येत असेल, तर दादही सीमा ओलांडून मागता येते. जे तत्त्व राज्यसंस्थेला बॉस्टनमध्ये मान्य आहे, ते आतेन्कोत पोलिसी अत्याचार सोसलेल्या स्त्रियांना नाकारता कसे येईल?

यापुढचा आक्षेप अधिक धूर्त आहे. मेक्सिकोत हिंसा होते ती अमली पदार्थांच्या टोळ्यांमुळे. राज्यसंस्था स्वतःच त्यांची बळी आहे. अशा वेळी ‘राज्यसंस्थेची दडपशाही’ असे म्हणणे हे दुबळ्या सरकारवर खलनायकाचा मुखवटा चढवणे आहे, असे सांगितले जाते. टोळ्यांची हिंसा प्रचंड आहे याबद्दल दुमत नाही. डिसेंबर 2006 मध्ये राष्ट्राध्यक्ष फेलिपे काल्देरोन यांनी टोळ्यांविरुद्ध लष्कर रस्त्यावर आणल्यानंतर ती वाढतच गेली, आणि बेपत्ता व्यक्तींच्या अधिकृत नोंदवहीने मे 2022 मध्ये एक लाखाचा आकडा ओलांडला. परंतु टोळी आणि राज्यसंस्था यांच्यात आक्षेपक ओढतात ती रेषा आयोत्सिनापाच्या प्रकरणात पुसली गेली. 26 सप्टेंबर 2014 च्या रात्री इग्वाला येथे आयोत्सिनापा येथील ग्रामीण शिक्षक विद्यालयाच्या विद्यार्थ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, 43 विद्यार्थ्यांना पकडून नेले, आणि त्यानंतर ते कोणाला दिसले नाहीत. जानेवारी 2015 मध्ये महाधिवक्त्यांनी ‘ऐतिहासिक सत्य’ या नावाने एक कथन जाहीर केले, की टोळीने त्यांना मारून कोकुला येथील कचराभूमीवर जाळले. ते कथन खोडून काढले ते परदेशी तज्ज्ञांनी. आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोगाने नेमलेल्या पाच स्वतंत्र तज्ज्ञांच्या गटात कोलंबिया, ग्वातेमाला, चिली आणि स्पेन येथील माणसे होती. त्यांनी आणि आर्जेन्टिनाच्या न्यायवैद्यक मानववंशशास्त्र पथकाने, ज्या पथकाचा जन्मच आपल्या देशातील लष्करी राजवटीने नाहीशा केलेल्यांच्या अस्थी शोधण्यातून झाला होता, असे दाखवून दिले, की त्या जागी तेवढी मोठी आग पेटल्याचा वैज्ञानिक पुरावा नाही. ऑगस्ट 2022 मध्ये खुद्द मेक्सिकोच्या सरकारी सत्यशोधन आयोगाने हा राज्यसंस्थेचा गुन्हा असल्याचे म्हटले आणि माजी महाधिवक्त्यांना अटक झाली. तज्ज्ञगट काम करत असताना त्याच्याशी संबंधित मोबाइल संचावर पेगाससचे सापळे टाकले गेल्याचे टोरोंटो विद्यापीठातील सिटिझन लॅबने 2017 मध्ये उघड केले, आणि 2023 मध्ये लष्कर माहिती दडवत असल्याचे सांगून तज्ज्ञांनी काम थांबवले. राज्यसंस्था केवळ दुबळी असती, तर तिला तपास करणाऱ्यांवर हेरगिरीची गरज पडली नसती.

तिसरा आक्षेप निष्फळतेचा आहे. निदर्शने होतात, पत्रके निघतात, निरीक्षक येऊन जातात, आणि गावाचे भोग चुकत नाहीत, असे म्हटले जाते. याला आतेन्कोच्या उदाहरणाने सविस्तर उत्तर देता येते, कारण ते दीर्घकाळ चाललेले आणि पूर्ण नोंदलेले प्रकरण आहे. 2001 साली सरकारने नव्या विमानतळासाठी या परिसरातील हजारो हेक्टर शेतजमीन संपादन करण्याचा हुकूम काढला. शेतकऱ्यांनी कोयते घेऊन रस्त्यावर उतरून तो 2002 मध्ये रद्द करून घेतला, आणि हा पराभव सत्ताधाऱ्यांच्या मनात सलत राहिला. 3 मे 2006 रोजी तेक्सकोकोत फुले विकणाऱ्यांना हटवण्यावरून झालेल्या चकमकीत आतेन्कोचे शेतकरी विक्रेत्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे संघीय व राज्य पोलिसांचे हजारोंचे दळ गावात घुसले. एक 14 वर्षांचा मुलगा आणि एक तरुण विद्यार्थी यांचा या कारवाईत बळी गेला, दोनशेहून अधिक लोकांना पकडण्यात आले, तुरुंगाकडे नेताना वाहनांमध्ये स्त्रियांवर लैंगिक अत्याचार झाले, आणि पकडलेल्यांपैकी पाच परदेशी नागरिकांना तातडीने हद्दपार करण्यात आले. राज्याचे तत्कालीन गव्हर्नर एन्रिके पेन्या निएतो यांनी कारवाईचे समर्थन केले आणि 2012 साली ते राष्ट्राध्यक्ष झाले. चळवळीचे नेते इग्नासियो देल व्हाये यांना एकूण 112 वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली.

या ठिकाणी बाहेरची एकजूट काय करू शकली, ते पाहावे. युरोपातील नागरिकांनी घडवलेल्या मानवी हक्क निरीक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नागरी आयोगाने घटनेनंतर काही आठवड्यांतच येऊन साक्षी नोंदवल्या, आणि सरकार त्या साक्षींना बनाव ठरवत असतानाच त्या जगासमोर आल्या. जगभर कैद्यांच्या सुटकेची मोहीम चालली, आणि जून 2010 मध्ये मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाने देल व्हाये व त्यांच्या सहकाऱ्यांच्या सुटकेचा आदेश दिला. अत्याचार सोसलेल्या अकरा स्त्रियांनी देशात न्याय मिळेना म्हणून आंतर-अमेरिकी व्यवस्थेकडे धाव घेतली, आणि 28 नोव्हेंबर 2018 च्या निकालात न्यायालयाने त्यांच्यावरील लैंगिक हिंसा हा छळ असल्याचे ठरवून मेक्सिकोला जबाबदार धरले. हे यश त्या स्त्रियांचे आहे, त्यांच्या धैर्याचे आणि त्यांच्या मेक्सिकन वकिलांच्या चिकाटीचे आहे. बाहेरच्या लोकांनी केले ते एवढेच, की बारा वर्षे ते प्रकरण विस्मृतीत जाऊ दिले नाही. दडपशाही विस्मृतीच्या भरवशावर चालत असते, हे ध्यानात घेतले तर ‘एवढेच’ म्हणण्यासारखी ती गोष्ट उरत नाही. जर्मनीतही याच प्रकारचे काम झाले. शांततावादी कार्यकर्ते युर्गेन ग्रेसलिन यांनी 2010 साली केलेल्या फिर्यादीतून हेकलर उंड कोखच्या रायफलींचे प्रकरण उभे राहिले, आणि 2019 मध्ये श्टुटगार्टच्या न्यायालयाने दोन माजी कर्मचाऱ्यांना दोषी ठरवून कंपनीवर 37 लाख युरोंचा भुर्दंड बसवला. मेक्सिकोच्या भूमीवर पाऊलही न ठेवता, आपल्याच देशाच्या कायद्याने, आपल्याच देशातील दोषींना जाब विचारण्याचे हे काम होते. त्याला हस्तक्षेप म्हणता येणे केवळ अशक्य आहे.

एकजुटीने सर्व काही साधते असा दावा येथे केलेला नाही. 22 डिसेंबर 1997 रोजी आकतेआल येथे प्रार्थनेसाठी जमलेल्या ‘लास आबेखास’ या अहिंसावादी संघटनेच्या 45 त्सोत्सिल आदिवासींना, ज्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती, निमलष्करी टोळीने ठार केले, आणि जवळच असलेल्या पोलिसांनी काहीही केले नाही; त्या वेळी जगाचे लक्ष चियापासकडे असूनही हे घडले. 43 विद्यार्थ्यांपैकी केवळ तिघांचे अवशेष ओळखता आले आहेत. 27 एप्रिल 2010 रोजी ओआहाका राज्यातील वेढलेल्या सान हुआन कोपाला गावाकडे अन्नधान्य आणि निरीक्षक घेऊन निघालेल्या ताफ्यावर गोळीबार झाला, आणि त्यात मिश्तेक कार्यकर्त्या बेती कारिन्यो व फिनलंडचे निरीक्षक युरी याक्कोला हे दोघेही मारले गेले. परंतु उपाय नेहमीच यशस्वी होत नाही म्हणून तो सोडून द्यावा, हा निष्कर्ष कोणत्याही अन्य क्षेत्रात स्वीकारला जात नाही. ज्यांनी त्या ताफ्यावर गोळ्या झाडल्या, त्यांना तरी साक्षीदार निरुपयोगी वाटत नव्हते.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि त्यातील सत्यांश मान्य केल्यावाचून त्याला उत्तर देता येत नाही. बाहेरून येणारी सहानुभूती अनेकदा आश्रयदात्याच्या थाटात येते. ती मुखवटाधारी बंडखोराच्या प्रतिमेवर भाळते आणि रोजच्या पाणी-जमिनीच्या भांडणांकडे पाठ फिरवते. आणि ती नकळत जिवांची प्रतवारी करते. ऑक्टोबर 2006 मध्ये ओआहाकात अमेरिकी पत्रकार ब्रॅड विल गोळीबारात मारले गेले तेव्हा जगभर बातमी झाली, परंतु त्याच सुमारास मारल्या गेलेल्या अनेक ओआहाकावासीयांची नावे त्यांच्या शहराबाहेर पोहोचली नाहीत. हा दोष खरा आहे. मात्र त्यावरून निघणारा निष्कर्ष एकजूट सोडण्याचा नसून तिच्या अटी बदलण्याचा आहे, आणि त्या अटी मेक्सिकोतील समुदायांनी केव्हाच घालून दिल्या आहेत. बिशप सामुएल रुइझ यांनी 1989 साली स्थापन केलेले फ्राय बार्तोलोमे दे लास कासास मानवी हक्क केंद्र 1995 पासून धोक्यातील गावांत नागरी निरीक्षकांच्या छावण्या चालवते. निरीक्षक कोठे जाणार हे गाव ठरवते, निरीक्षकाने नेतृत्व करायचे नसते, सल्ला द्यायचा नसतो, जे घडते ते पाहून नोंदवायचे असते. येथे बाहेरचा माणूस गावाच्या विनंतीवरून आणि गावाच्या शिस्तीत राहतो. एकजूट एकमार्गी नसते हेही या समुदायांनी दाखवले आहे. 2021 साली सापातिस्तांचे सात जणांचे पथक जहाजाने अटलांटिक ओलांडून स्पेनमधील व्हिगो बंदराला लागले, आणि 13 ऑगस्टला, तेनोच्तित्लान नगरीच्या पाडावाला 500 वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, माद्रिदमध्ये त्यांनी युरोपातील चळवळींबरोबर मोर्चा काढला. ते मदत मागायला गेले नव्हते. तेथील लोकांचे लढे ऐकायला आणि आपले सांगायला गेले होते. अशा बरोबरीच्या व्यवहाराला उपकार किंवा हस्तक्षेप ही दोन्ही नावे लागू पडत नाहीत.

डिसेंबर 2018 मध्ये आंद्रेस मानुएल लोपेस ओब्रादोर सत्तेवर आल्यापासून एक नवा आक्षेप ऐकू येतो, की आता गरिबांच्या बाजूचे सरकार आले असून त्याच्यावर टीका करणारे प्रतिगाम्यांच्या हाती कोलीत देतात. या सरकारने आतेन्कोजवळ पुन्हा हाती घेतलेला विमानतळ प्रकल्प रद्द केला आणि आयोत्सिनापाचा सत्यशोधन आयोग नेमला, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. परंतु मोरेलोस राज्यातील उएस्का येथील औष्णिक वीजप्रकल्पाला विरोध करणारे नाहुआ शेतकरी आणि समुदाय-रेडिओचे कार्यकर्ते सामिर फ्लोरेस यांची हत्या 20 फेब्रुवारी 2019 रोजी याच कारकिर्दीत झाली. ज्या प्रकल्पाला लोपेस ओब्रादोर यांनी विरोधात असताना जाहीर विरोध केला होता, त्याच प्रकल्पावरील सार्वमत हत्येनंतर अवघ्या काही दिवसांत उरकून घेण्यात आले. याच सरकारने स्थापन केलेले राष्ट्रीय रक्षकदल सप्टेंबर 2024 च्या घटनादुरुस्तीने लष्कराच्या ताब्यात गेले. ऑक्टोबर 2024 मध्ये, नव्या राष्ट्राध्यक्षांनी सूत्रे घेतल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, चियापासमधील त्सोत्सिल धर्मगुरू मार्सेलो पेरेस यांना प्रार्थना आटोपून निघताना गोळ्या घालण्यात आल्या. या हत्यांचा हुकूम सरकारने दिला असे म्हणण्याची गरज नाही. धमक्या उघड असलेल्या माणसांचे रक्षण करणे आणि मारेकऱ्यांमागचे हात शोधून काढणे, ही राज्यसंस्थेची जबाबदारी कोणत्याही पक्षाच्या राजवटीत तीच राहते. एकजूट सरकारच्या रंगाशी नसते, समुदायाशी असते. ती पक्षनिष्ठेत विरघळली तर पुढच्या हत्येच्या वेळी मुकी होते.

भारतीय वाचकांपुढे शेवटचा आक्षेप नेहमीच्या म्हणीतून येतो: आपले ठेवावे झाकून आणि दुसऱ्याचे पाहावे वाकून. घरात प्रश्न कमी आहेत का, की मेक्सिकोची उठाठेव करावी? या आक्षेपाचे उत्तर असे, की खरी एकजूट आपले झाकू देतच नाही. सक्तीने नाहीसे करण्याविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार मेक्सिकोने स्वीकारला आहे. भारताने 2007 साली त्यावर सही केली, पण त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. आदिवासींच्या हक्कांचा 169 क्रमांकाचा करारही भारताने स्वीकारलेला नाही. आयोत्सिनापाच्या मातापित्यांनी कोणत्या साधनांनी सरकारी कथन मोडून काढले, हे जो समजून घेतो, त्याला ती साधने आपल्या देशातील नागरिकांना का उपलब्ध नाहीत हा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. दूरच्या अन्यायाकडे पाहिल्याने जवळच्या अन्यायावरची नजर हटते, असे मानणाऱ्यांनी आर्जेन्टिनाच्या त्या पथकाचा विचार करावा, जे स्वदेशातील नाहीशा झालेल्यांचा शोध घेता घेता इतके निष्णात झाले, की इग्वालाच्या पालकांना आपल्या सरकारपेक्षा त्याचा शब्द अधिक भरवशाचा वाटला.

या सर्व विवेचनातून सीमापार एकजुटीची मर्यादा आणि तिचे कर्तव्य दोन्ही निश्चित होतात. मेक्सिकोत कोणते सरकार असावे, कोणती राज्यघटना असावी, आदिवासींच्या स्वायत्ततेचे स्वरूप कसे असावे, हे ठरवण्याचा अधिकार मेक्सिकोच्या जनतेचा आहे आणि तो बाहेरच्या कोणालाही नाही. या मर्यादेपुरता पूर्वपक्ष ग्राह्य आहे. परंतु ज्यांनी हा अधिकार बजावला म्हणून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या जातात, त्यांच्या हाकेला ओ देणे, त्यांची साक्ष नोंदवून टिकवणे, आणि आपल्या देशातून जाणारी शस्त्रे, कर्जे, हेरसाधने व व्यापारी करार यांचा जाब आपल्याच सरकारला आणि कंपन्यांना विचारणे, हे त्या अधिकाराचे उल्लंघन नसून त्याच्या रक्षणाचा भाग आहे. सार्वभौमत्वाच्या नावाने हे काम बंद करा असे जे म्हणतात, त्यांनी आधी शस्त्रांची जहाजे आणि हेरप्रणालीचे परवाने बंद करून दाखवावेत. तोवर त्यांच्या आक्षेपाला नैतिक वजन नाही, आणि आतेन्को, आकतेआल व आयोत्सिनापा येथील माणसांच्या बाजूने उभे राहणाऱ्यांनी त्याच्यापुढे मान तुकवण्याचे कारण नाही.